विंचचं हँडल मी नेते आहे

बाबा,

सकाळी साडेसहाला पवनचक्कीचा खांब शेजारच्या काकांच्या छपराकडे कललेला दिसला. खांबाला ताणून धरणारी टाकीकडची तार सैल पडली आहे, कारण तिचा खुंटा मातीतून वर येतो आहे. तुम्ही फोन घरी ठेवून फिरायला गेलात, म्हणून ही चिठ्ठी.

खांब एकट्याने आडवा करायला जाऊ नका. खाली येताना तीच तार त्याला बाजूला पडू देत नाही. तुम्ही ऐकणार नाही हे माहीत असल्यामुळे खांब खाली सोडायच्या विंचचं हँडल माझ्या पिशवीत टाकलं आहे. शिव्या फोनवर द्या, अंगणात नको.

खुंट्याच्या वरच्या आट्यांवरचा रंग अजून कोरा आहे, म्हणजे स्क्रूसारखा तो पूर्ण आत पिळलाच गेला नव्हता. आडवा दांडा घालून तो दोघांनी पिळायचा असतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी कामावरून येईपर्यंत थांबायचं होतं. उजव्या हाताबद्दल विचारत नाही, पण हल्ली किटली तुम्ही डाव्या हाताने उचलता हे मी पाहिलं आहे.

जास्त लांबीचा खुंटा आणायला जाते. दुकानदाराला सांगेन, आमची मातीच भुसभुशीत.

पात्यांना ब्रेक लावला आहे आणि पवनचक्कीला जादा दोर लावून तो टाकीच्या खांबाला बांधला आहे. काकांना छपराखालून उठायला सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या बाबांनी ठोकलाय ना खुंटा? मग काही होत नाही." आता तुम्ही सांगितलंत तरच ते उठतील. आत्ता निघताना पाहिलं, तिथेच पेपर वाचत बसलेत, आणि वारा वाढतो आहे.