आले, बर्फ आणि लाकडी चमचे यांच्यासह माझ्या मालमत्तेची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने कातारी, वय चौऱ्याहत्तर, हा लेख कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, तर राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना करून ठेवत आहे. डोक्याबद्दलचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, परंतु सही त्यांना करायची नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नसल्याने रद्द करण्यासारखे काही नाही.

माझी पत्नी छापखान्यात मुद्रितशोधक होती. या मसुद्यातील ऱ्हस्व-दीर्घ तिने दुरुस्त केले आहे. मजकुराला मी हात लावू दिलेला नाही. वकीलबाईंनी "मालमत्तेपुरतंच लिहा" असे बजावले होते. परंतु अमुक वस्तू अमक्याला का, हे न सांगता वाटणी केली की मागे राहिलेले आपापली कारणे शोधत बसतात, आणि ती सहसा वाईटच सापडतात. म्हणून कारणांसह लिहितो.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची लेथची शेड, हे माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते पत्नीच्या ताब्यात तिच्या हयातीपर्यंत निर्वेध राहावे. "एकटी कशी राहशील?" असे तिला कोणी विचारू नये. तिच्यानंतर घर आमच्या मुलीचे, चिमणीचे. चिमणी जहाजांची इंजिने दुरुस्त करते, तरी घरात तिचे नाव चिमणीच आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नीचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम ३. खिडकीखालच्या पेटीतील संत्र्याच्या लाकडाचे चमचे. त्यांचा धनी ठरवण्याआधी ते का घडले ते सांगणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी हिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, मग केमो सुरू झाली. चिमणी तेव्हा समुद्रावर होती. घरात आम्ही दोघेच. दुसऱ्या केमोनंतर हिने पहिलाच घास घेऊन चमचा खाली ठेवला.

"काय झालं?"

"खिळा चाटल्यासारखं लागतंय."

मी चाटून पाहिला. मला चमच्यासारखाच लागला. पण मला कोडे पडले की लोखंड तोंडात आहे, चमच्यात आहे, की औषधात? दुपारी संत्र्याच्या लाकडाचा एक तुकडा लेथवर चढवला, कातून दांडा काढला, पटाशीने वाटी कोरली, घासून गुळगुळीत केला, उकळून घेतला आणि त्याने भात भरवला. हिने तो गिळला आणि म्हणाली, "आता खिळा नाही. आता पेन्सिल." पण वाटीभर भात संपवला.

त्या दिवसापासून मला चाळा लागला. चिमणीचा फोन आला तेव्हा मी आले, लिंबू, पुदिना, पायांना तेल, सगळ्याचा पाढा वाचला. ती म्हणाली, "बाबा, पाच नट एकदम फिरवलेत तर आवाज कुठला बंद झाला ते कळणार कसं? एका वेळी एकच." बापाला मुलीने शिकवावे हे मला मुळीच खुपले नाही. डॉक्टरबाईंनी दुसरी अट घातली. "घरी जे कराल ते करा, पण मला सांगून करा. रोगाशी आम्ही भांडतो. तुम्ही जेवण, झोप आणि तोंड सांभाळा."

मग मी सांगत गेलो आणि त्या हो किंवा नाही म्हणत गेल्या. आल्याचा पातळ चहा चालेल, थोडा. औषध शिरेतून जात असताना बर्फाचा खडा चघळला तर तोंड कमी सोलवटते, हे केमोच्या विभागातल्या परिचारिकेने सांगितले. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या. देवदाराच्या ढलप्यांच्या वासाने हिची मळमळ बसायची, म्हणून मी त्यांची पुरचुंडी उशाशी ठेवली. त्यावर डॉक्टरबाई जवळजवळ ओरडल्याच. "रक्तातल्या पेशी खाली आल्यात आणि तुम्ही उशाशी धूळ ठेवता?" पुरचुंडी गेली. त्याऐवजी देवदाराचा अंड्याएवढा गोळा कातून, धुऊन दिला. ती तो हुंगायची. चोळताना तिच्या बोटांच्या मुंग्याही जरा कमी व्हायच्या, किंवा तिला तसे वाटायचे. पुदिन्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पाय चोळल्याने झोप लागायची. तेल कुठलेही चालायचे, म्हणजे गुण तेलाचा नव्हता. मग कशाचा, असे मी तिला विचारले.

"पाय धरलेत की तुमचं बोलणं बंद व्हायचं," ती म्हणाली. "तेवढ्यात डोळा लागायचा."

या सगळ्यांपैकी कशानेही हिचा रोग बरा झाला नाही. तो औषधांनी बरा झाला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण अजूनही लोक माझ्याकडे "ती आल्याची कृती" मागायला येतात. त्यांना कृती द्यावी आणि सोबत डॉक्टरकडे पाठवावे. पण शेवटच्या केमोपर्यंत चालत जायला पोटात भात लागतो, आणि तो भात या चमच्यांवरून गेला.

सदर पेटीतील चमचे, पत्नीचा एक वगळून, केमोच्या विभागातील रुग्णांना घरी नेण्यासाठी द्यावेत. सोबत "आधी उकळा" असे सांगावे.

कलम ४. जुनी वसुली. छापखान्यातील बांधणीवाला हिला भेटायला आला होता. तो खुर्चीत पाय पसरून म्हणाला, "मनाने घेतलं तर रोग पळतो हो. इच्छाशक्ती हवी." ही म्हणाली, "माझी इच्छाशक्ती तुमची छापील पानं तपासण्यात संपली." तरी तो तासभर बसला आणि जाताना लाकूड आवळून धरायचा माझा मोठा शिकंजा मागून घेऊन गेला. तो शिकंजा परत आणावा. तो इच्छाशक्तीने येणार नाही. जाऊन आणावा लागेल.

कलम ५. लेथ, पटाश्या, त्यांना धार लावायची सहाण आणि शेडमधील सर्व लाकूड चिमणीला. जागा नाही म्हणेल. ऐकू नये.

कलम ६. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. आयुष्यभर मी लाकडाच्या आत काय आहे ते कापून पाहिले. गाठ कुठे लागेल हे बाहेरून कधीच कळले नाही. माझ्या आत काय निघाले ते मला कळणार नाही, याची थोडी हळहळ आहे. विद्यार्थ्यांनी मात्र नीट पाहावे, घाई करू नये.

कलम ७. माझे थोरले बंधू. यांच्यावाचून वरील हकीकत अर्धवट राहते.

दादा शिंपी. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्याचे दुकान. हिच्या चौथ्या केमोच्या सुमाराला त्याने एक डबी आणली. आत तपकिरी पूड होती. कुठल्याशा माणसाकडून मिळालेली. "दवाखाना सोड आणि ही सुरू कर," असे त्याने हिला माझ्यादेखत सांगितले. मी विचारले, "यात काय आहे?" तो म्हणाला, "मुळ्या." "कसल्या?" "तुला काय करायचंय?" मी डबी त्याच्या हातात परत दिली आणि विषय संपला असे समजलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी कागद दोनदा पाहिले. यकृताचे आकडे चढले होते. "घरी आणखी काही चालू आहे?"

"जे आहे ते सगळं तुम्हाला सांगितलंय," मी छातीठोकपणे म्हणालो.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. हिच्याकडे बघून म्हणाल्या, "कुणी रागावणार नाही. पण जे मला माहीत नाही ते पोटात जात असेल, तर पुढचं औषध मी कशाच्या भरवशावर देऊ?"

ही पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "भाऊजींची पूड. नंतर मीच मागवून घेतली. घेतेय मी."

केमो पुढे ढकलली. पुडीनेच आकडे चढले असे डॉक्टरबाई शपथेवर सांगायला तयार नव्हत्या. पूड बंद करा आणि पाहू, म्हणाल्या. मी मात्र तिथून तडक दादाच्या दुकानात गेलो. तो मशीनवर होता.

"तिला मारायला निघालायस का?"

"वाचवायला," तो म्हणाला. मशीन चालूच.

"वहिनीला दिली होतीस ही?"

मशीन थांबले. माझी वहिनी याच रोगाने गेली होती, दवाखान्याच्या त्याच इमारतीत. त्यानंतर दादा त्या रस्त्यानेसुद्धा जात नसे.

"ती गेल्यावर मिळाली," तो म्हणाला.

"गुण येतो हे कशावरून?"

"मला माहीत नाही रे, धाकट्या. आधी मिळाली असती तर ती राहिली असती का, ते कळायला दुसरा मार्ग कुठला होता?"

मी भांडायला गेलो होतो. पण हा प्रश्न माझ्याच जातीचा निघाला. फरक एवढाच, की त्याने तो माझ्या बायकोवर करून पाहिला. मी तसाच परत आलो. आम्ही बोलणे टाकले.

आकडे उतरले. केमो पुन्हा सुरू झाली. हिने पूड का घेतली ते मी पुष्कळ दिवसांनी, ती जिना न थांबता चढू लागल्यावर विचारले. म्हणाली, "डॉक्टरबाई एक ठरवायच्या, तुम्ही एक ठरवायचात. मी नुसतं तोंड उघडायची. ती एकच गोष्ट माझी मी ठरवली होती. चुकीची होती. पण माझी होती." मला हे तोवर सुचले नव्हते. तेव्हापासून कोणी सल्ला मागायला आले, तर मी आधी आजारी माणसाला विचारतो, "तुम्हाला काय हवंय?"

शेवटच्या केमोच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दादा इमारतीच्या पायऱ्यांशी उभा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हातात मऊ सुती टोपी होती. "शिवण बाहेरून घेतलीय," तो हिला म्हणाला, "आतून टोचायला नको." ही म्हणाली, "भाऊजी, वर चला. तुमच्या हातानेच घाला." तो जिन्याकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्याला धरून चढला. प्रत्येक वळणावर थांबला. औषध संपेपर्यंत बर्फाचे भांडे त्याने मांडीवर धरले होते.

या मृत्युपत्राने दादाला काहीही मिळत नाही. याचा अर्थ कोणी आकस असा लावू नये. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळकतीतून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, दोन्हींपैकी एकच. मी दादाकडे जाऊन विचारले, "माझ्या पटाश्यांतली एक घेतोस, की सही करतोस?"

त्याने चष्मा लावला. म्हणाला, "सही कुठे करायची ते दाखव."

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला वाचूनही दाखवला, तो मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी केली.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : १४ मार्च

(सही) मृत्युपत्र करणारा, कातारी

साक्षीदार :
१. (सही) शेजारीण, निवृत्त पोस्टमास्तर
२. (सही) मृत्युपत्र करणाऱ्याचा थोरला भाऊ, शिंपी