देवरावचा डावा पाय

११ नोव्हेंबर
बेड सातने आज ड्रेसिंगचा ट्रे लाथेने उडवला. उजव्या पायाने, म्हणजे चांगल्या. मी आणि वॉर्डातली मावशी पलंगाखालून चिमटे गोळा करतोय आणि हा वरून समस्त सिस्टरांना शिव्या घालतोय. देवराव. नेर-यवतमाळ काळी-पिवळी चालवतो. शुगर जुनी, गोळ्या मनात आलं तर. चप्पल काढून जीप चालवायची सवय. इंजिनजवळचा पत्रा तापला, डावा तळवा भाजला, आणि या बाबाला पत्ताच नाही. पायात संवेदनाच उरलेली नाही. बायकोला चादरीवर डाग दिसले तेव्हा उजेड पडला. मग घरी हळद-तेल. सडल्यावर आमच्या माथी.
असला पेशंट मला नको. हे इथेच लिहिता येतं.

१२ नोव्हेंबर
अंगठा काल निळसर, आज काळा. पावलावर नाडी लागत नाही. घोट्यामागे लागल्यासारखी वाटली, की माझ्याच बोटातली ठणठण, कोण जाणे. वास वाढलाय. डॉक्टर सरांना कळवलं.
इन्सुलिन देऊनही शुगर उतरत का नाही ते दुपारी कळलं. बायको, कमलबाई, पदराआड बशीतून गोड चहा पाजत होती. थर्मास उचलून नेला. "त्याईचं तोंड कडू झालं तं मी काय करू?" म्हटलं, तोंड सांभाळा नाहीतर पाय सांभाळा. जरा जास्तच बोलले. पण चहा बंद झाला.

१३ नोव्हेंबर
सरांनी कमलबाईला बाहेर नेऊन सांगितलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, उद्याच. नाहीतर विष अंगात पसरेल. बाई रडली नाही. एकच धोशा. "त्याईले सांगू नोका. पाय गेला तं गाडी गेली, अन् गाडी गेली तं ते जगत नाही. म्या त्याईले बोटाची सफाई हाय म्हनून सांगलं."
सर म्हणाले, संमती त्याचीच लागेल, संध्याकाळी राउंडला मी बोलतो. संध्याकाळी सर ऑपरेशनमध्ये अडकले.
म्हणजे वॉर्डात सगळ्यांना माहीत, यालाच नाही. मला विचारतो, "परवा गाडी काढता येईन नं?" सरांना विचारा, म्हटलं. खोटं बोलले नाही, खरंही नाही. या नवराबायकोचा जाम संताप आलाय. सरांचाही.

१४ नोव्हेंबर
ऑपरेशनची तयारी म्हणून पायाचे केस काढायला गेले. सरांनी सकाळी लवकर येऊन बोलतो म्हटलं होतं, आले नव्हते. मांडीपर्यंत रेझर गेला तशी त्याला शंका. "सफाई बोटाची, अन् मांडी कायले भादरून राह्यली?" मी रेझर पुसत राहिले. "बोल नं व! तोंडात काय बसलं?" आणि लाथ. सरळ पोटात.
मी म्हटलं, "मारून घ्या. दुपारनंतर एकच उरणार आहे."
तो ओरडला नाही. "कुठून?" विचारलं. मी माझ्याच पायावर हात ठेवून दाखवलं. मग त्याने बायकोकडे बघितलं. "तुले माहीत होतं?" ती पदर नीट करत बसली.
सर आले तेव्हा बेड रिकामा. हातातली सलाईनची सुईही तशीच घेऊन गेला. फाटकावरचा माणूस म्हणाला, दोन ड्रायव्हर आले, उचलून गाडीत घातलं, गेले.
सर: "असं सांगतात का पेशंटला?"
मग कसं सांगतात? आणि कधी? विचारायचं होतं, विचारलं नाही. मेमो येणार म्हणे. येऊ दे.

१५ नोव्हेंबर
केसपेपरवरच्या नंबरला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही.
त्याला सांगायलाच हवं होतं, असं दिवसभर स्वतःला बजावलं. हो, हवंच होतं. पण मी सांगितलं नाही, मारलं. आणि वर्मी लागलं. पोट अजून दुखतंय, दाबलं की जास्त. तरी त्याची कीव येत नाही. भीती वाटते, ती वेगळी.

१६ नोव्हेंबर
ड्युटीवर आले आणि कमलबाईचा फोन. रडत होती. "सिस्टर, पाय पोटरीपावतर लाल झाला. अंग तव्यासारखं तापलं. पट्टी कशी बांधू, सांगा नं." म्हटलं, पट्टीने आता काही होत नाही, आत्ता घेऊन या. "येत नाही म्हंतेत." म्हटलं, त्यांना द्या फोन.
फोन त्याच्या हातात गेला. मग म्हणाला, "तू हायस काय तिथं?"
"आहे."
"मंग नाही येत."
"उद्यापासून नाही," मी म्हटलं. मग वाटलं, उद्यापर्यंत हा कुठला थांबतोय. "आजपासूनच नाही. माझी बदली झाली. या तुम्ही."
फोन कट झाला. कोणी कापला माहीत नाही.
मग खरंच ड्युटी बदलून घेतली, फिमेल वॉर्ड. माझ्या जागी आलेली सिस्टर विचारत होती, काहून? पाठ दुखते, म्हटलं. सरांना सगळं सांगितलं. सातची चादर मी स्वतः बदलली आणि बेड कोणाला देऊ नका म्हटलं.
नेरहून यवतमाळला यायला फार वेळ लागत नाही. जेवणाची सुट्टी होऊन गेली, सात अजून रिकामाच. मावशीला सांगून ठेवलंय, सातवर कोणी आलं तर मला येऊन सांग, पण तिथे माझं नाव काढू नको.