मादाम व्हेर्निएचे थेंब

रविवार, ४ ऑक्टोबर १९९८

मिरेल्ला नोव्हाराहून जेवायला आली आणि सूप संपायच्या आत तिने विषय काढला. म्हणाली, आई, बाबांना आता एखाद्या संस्थेत ठेवायला हवं. मी अर्ज केलाय, नोव्हेंबरअखेर डॉक्टरांची समिती घरी येऊन त्यांना तपासणार आहे. मला न विचारता अर्ज! मी म्हटलं, तुझ्या बाबांना काही झालेलं नाही, ते डोकं वापरायचा कंटाळा करतात. त्यावर म्हणे, काल फोनवर त्यांनी मलाच विचारलं, आमची मिरेल्ला बरी आहे ना? म्हटलं, मग चौकशीच केली ना तुझी? त्यात रडण्यासारखं काय आहे?

निर्णय: ओत्तावियो या घरातून हलणार नाही. समितीपुढे ताठ बसेल आणि विचारलेलं सांगेल. मी आयुष्यभर आमच्या वेर्चेल्ली गावातल्या गवंड्यांच्या आणि वकिलांच्या पोरांना लॅटिन शिकवलं. एका नवऱ्याची स्मरणशक्ती जागेवर आणणं मला जड नाही.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

उपाय सापडला. खुनाचे सिनेमे.

प्रेमाच्या सिनेमात मध्येच डुलकी लागली तरी काही बिघडत नाही. खुनाच्या सिनेमात कोण कुठे उभं होतं, दिवा कोणी मालवला, हातमोजा कोणाचा, हे सगळं ध्यानात ठेवावंच लागतं. शिवाय हे सिनेमे आम्ही दोघांनी एकत्र पाहिलेले. कॅसेटी कपाटात आहेतच. मशीनगनवाले मी मुळातच धरत नाही. इतक्या आवाजात खून दिसत नाही.

माझे लाडके तीन. तिसरा, 'लिफ्टमनची साक्ष'. अमेरिकन. एकही गोळी सुटत नाही, नुसता लिफ्टचा दरवाजा उघडतो आणि मिटतो, आणि तेवढ्यावर घाम फुटतो. दुसरा, 'विधुराची खोली'. इंग्रजी. त्यातलं धुकं आमच्याकडच्या धुक्याइतकं चांगलं नाही, पण खुनी फार सभ्य आहे. आणि पहिला, निर्विवाद पहिला, 'मादाम व्हेर्निए'. फ्रेंच. आजारी नवऱ्याला रोज संध्याकाळी ग्लासात औषधाचे थेंब घालून देणारी बायको. नवरा खंगत जातो, गाव तिला विष घालणारी ठरवतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कळतं की बाटली दीर बदलत होता. ती मात्र अखेरपर्यंत शांत. १९५६ साली तो पाहून आल्यावर मी तिच्यासारखा अंबाडा घातला, तो आजतागायत. ओत्तावियोला फार आवडला होता.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

पद्धत ठरली.

एक: कॅसेट इंटरव्हलपासून लावायची. आमच्या तरुणपणी कोणी सिनेमा सुरुवातीपासून बघायचंच नाही. थिएटर दुपारी उघडायचं, खेळ एकामागून एक चालू. वाटेल तेव्हा आत शिरायचं, आधी शेवट बघायचा, मग सुरुवात. आपण शिरलो तो प्रसंग परत आला की ओत्तावियो माझ्या कानात म्हणायचा, इथे आपण आलो. की कोट चढवून बाहेर. म्हणजे त्याच्या डोक्यात हे सिनेमे मधूनच भरलेले आहेत. तिथूनच उपसायचे.

दोन: गुन्हेगार उघड होण्याआधी कॅसेट बंद. मग प्रश्न. उत्तर त्याने स्वतः आठवून द्यायचं. पुस्तकाच्या मागची उत्तरं वाचून कोणी लॅटिन शिकलेलं नाही.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

'लिफ्टमन'. सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तर उठला, कोट घातला आणि म्हणाला, इथे आपण आलो. परत बसवला. कोटासकट बसला.

खुनी कोण, असं विचारलं. म्हणाला, लिफ्ट छान होती. मुख्य वस्तूकडे बरोबर लक्ष गेलंय. सुरुवात उत्तम.

सोमवार, १९ ऑक्टोबर

'विधुराची खोली'. खुनी कोण? तर म्हणे, बिचारा. कोण बिचारा? म्हणे, सगळेच.

डॉक्टर गरेल्लींनी त्याला शांत झोप लागावी म्हणून थेंब दिलेत, संध्याकाळी पाण्यातून. मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. ते म्हणाले, बाई, तुम्ही स्वतः झोपता का? विषयाला धरून बोलणारे डॉक्टर आता राहिले नाहीत.

शनिवार, २४ ऑक्टोबर

यश!

'मादाम व्हेर्निए' लावला. एकदाही डोळे मिटले नाहीत, एकदाही उठला नाही. ती ग्लासात थेंब घालते त्या प्रसंगाला पुढे सरकून बसला. कॅसेट बंद केल्यावर टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या केसांकडे. अंबाडा ओळखला! खुनी कोण? उत्तर तत्काळ: बायको.

चूक. पण उत्तर तरी आलं. बरोबर उत्तर सांगितलं नाही. आता दुसरे सिनेमे बंद. बरोबर येईपर्यंत रोज हाच.

बुधवार, २८ ऑक्टोबर

बायको.

म्हटलं, नीट विचार कर. म्हणाला, नीटच केलाय, तिने थेंब घातले, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाद घालतोय! वर्षभरात वाद घातला नव्हता.

संध्याकाळी थेंबांचा ग्लास दिला तर आधी हुंगला. मग म्हणाला, तू पी. निरीक्षणशक्ती रोज सुधारते आहे. शेवटी घेतला. निदान जिरेनियमच्या कुंडीजवळून परत आला तेव्हा ग्लास रिकामा होता.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरच्या बेर्तोलाबाई वर आल्या. म्हणे, तुमच्या ओत्तावियोने मला बाल्कनीतून हाक मारून सांगितलं, वरच्या बाईच्या हातची कॉफी घेऊ नका. आणि हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, एर्सिलिया, त्याला काही आनंदाचं दाखव गं. गाण्याबिण्याचं. मी म्हटलं, गाण्याने कोणाची बुद्धी वाढलेली मी पाहिली नाही, तुमचा मुलगा जन्मभर चर्चमध्ये गातोय. कॉफी न घेता गेल्या.

ओत्तावियो शेजाऱ्यांशी आपणहून बोलतो आहे, हे समितीच्या कानावर घालायला हवं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

आहारात बदल. उकडलेली अंडी, संत्री, अक्रोड. हे सोडून काही खात नाही, आणि तेही स्वतः सोलून. मी सोललेलं चालत नाही. स्वावलंबन. राजमा घालून केलेला भात, ज्यासाठी तो पूर्वी सायकल टाकून पळत यायचा, तो तसाच राहिला. पोट जपत असावा.

पँटला नवं भोक पाडून पट्टा आवळला.

रविवार, १५ नोव्हेंबर

मिरेल्ला आली. तिच्या ताटातला भात त्याने मागून घेतला. दोनदा. मी वाढलेल्याला हात लावला नाही. मिरेल्ला स्वयंपाकघरात येऊन रडली. म्हणाली, आई, ते तुला घाबरतात. दिसत कसं नाही तुला?

म्हटलं, माझ्या वर्गातली मुलंही घाबरायची, त्यातला एक आज न्यायाधीश आहे.

म्हणाली, अगं, मग निदान त्या सिनेमाचा शेवट तरी दाखव त्यांना. ती बायको निर्दोष असते हे कळू तरी दे.

परीक्षेच्या तोंडावर पेपर फोडायचा! हे माझी मुलगी सांगते. तिचे बाबा तिला सोडायला दारापर्यंत गेले आणि तिची बाही सोडेनात. प्रेमळपणाही परत येतो आहे.

रविवार, २२ नोव्हेंबर

सकाळपासून न्हाणीघराला आतून कडी. दार ठोठावलं. आतून म्हणाला, पोलिस आले की उघडतो. मी पोलिसी आवाज काढून म्हटलं, दार उघड, तर म्हणाला, हा तिचाच आवाज. आवाज ओळखतो, मग स्मृती गेली कुठे?

दुपारी बाहेर आला. मी तत्त्व बाजूला ठेवलं. मिरेल्लाचं ऐकून नव्हे, मला वाटलं म्हणून. शेवटची पाच मिनिटं दाखवली. दीर पकडला जातो, गुन्हा कबूल करतो, मादाम व्हेर्निए खिडकीशी उभी राहते, शांत. दाराला पाठ लावून, उभ्यानेच त्याने सगळं बघितलं.

विचारलं, आता सांग, खुनी कोण?

म्हणाला, बायको. दिराला तिने अडकवलं.

तर्क नवा आहे, हे मान्य करावं लागेल. समिती पाच दिवसांवर. काळजीचं कारण दिसत नाही.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

समिती आली. मोठ्या मिशांचे एक डॉक्टर, एक तरुण डॉक्टरीणबाई, आणि टाचण काढायला एक जण. मी अंबाडा नीट घातला होता, टेबलावर बिस्किटं ठेवली होती.

कोणतं साल चालू आहे? छप्पन्न. मुलगी किती वर्षांची? मला मुलगी नाही. मी मध्ये बोलायला गेले तर मिशीवाले म्हणाले, बाई, त्यांना बोलू द्या.

मग माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, या कोण?

ओत्तावियो उठला. जाकिटाची बटणं लावली. म्हणाला, कमिशनरसाहेब, आलात, बरं झालं. आणि मग त्याने सगळं सांगितलं. ग्लास कुठे असतो, बाटली कोणत्या कप्प्यात, थेंब घालताना ती पाठमोरी कशी वळते, दिवा आधी कसा मालवते, केस कसे बांधते. एकही तपशील चुकला नाही. एकही वाक्य अर्धवट राहिलं नाही. असा तो गेल्या दोन वर्षांत बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, साहेब, मी तिच्यावर जीव टाकायचो हो. मला इथून घेऊन चला.

डॉक्टरीणबाईंनी उठून थेंबांची बाटली हुंगून पाहिली. मग मला थोडा वेळ स्वयंपाकघरात बसायला सांगितलं.

बसले. जाताना त्या म्हणाल्या, यात तुमची काही चूक नाही. मी विचारलं नव्हतं.

गुरुवार, १० डिसेंबर

त्याला संस्थेत न्यायला मिरेल्ला गाडी घेऊन आली. त्याचं सामान मी भरलं. ते उघडून त्याने पुन्हा भरलं. पुढच्या सीटवर बसला आणि तिला म्हणाला, जरा जोरात चालव, मुली.

शुक्रवार, १८ डिसेंबर

मिरेल्लाचा फोन. बाबा सगळं खातात, रात्रभर झोपतात, दुपारी टीव्हीवर गाणी लागतात तेव्हा टाळ्या वाजवतात. तिथल्या मुख्य बाईंचं म्हणणं, मी सध्या येऊ नये. आणि यायचंच झालं, तर केसांचं काहीतरी करावं.

नियम पाळणं मला जमतं. टाळ्यांचं मात्र पटलं नाही. हा माणूस लग्नातसुद्धा नाचला नव्हता.

सोमवार, ४ जानेवारी १९९९

केस कापून घेतले. मानेला फार गरम व्हायचं.

बुधवार, ६ जानेवारी

तीन राजांच्या सणाची सुट्टी होती, गेले. खिडकीजवळ बसला होता. गाल भरलेत. मला बघून उठला आणि आपली खुर्ची दिली. विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?

म्हटलं, सहज.

ऐसपैस गप्पा मारल्या. धुक्याबद्दल, भाताच्या शेतांबद्दल. स्वतःच्या ताटलीतला केक कापून मला अर्धा दिला. मी खाल्ला. मग इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. म्हणाला, तुम्ही भल्या घरच्या दिसता म्हणून सांगतो. माझी बायको इथे आली, तर तिच्या हातचं काही घेऊ नका. दिसायला फार सुंदर आहे, म्हणून लोक फसतात.

काळजी घेईन म्हटलं.

मग त्याने विचारलं, तुम्हाला नवरा आहे ना?

आहे, म्हटलं.

मग इथे काय करताय, म्हणाला. अंधार पडायला आला. घरी जा, बिचारा जेवायचा थांबला असेल.

बरं, म्हटलं आणि निघाले.