भीमामामांनी न सांगितलेली भिंत

रविवार, संध्याकाळ

आज पुतण्यानं त्याच्या नव्या मोटारबोटीतून उजनीच्या पाण्यात फिरवून आणलं. समोर मोबाइल लावलेला, त्यावरच्या नकाशात सगळं निळंशार. "काका, इंटरनेट नव्हतं तेव्हा तुम्ही बोट कशी चालवायचा हो?" म्हणाला.

काय सांगणार? विचारत चालवायचो. धरणात गाव गेलेल्या माणसांना गाठायचं, चहा पाजायचा आणि वहीत लिहून घ्यायचं: विहीर कुठं, देऊळ कुठं, चिंच कुठं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोटीचा पंखा नेमका त्यावरच आपटायचा.

भीमामामांचं गावही त्यातच गेलेलं; ते तिथं मासे धरायचे. त्यांनी अख्खं गाव सांगितलं, गल्लीबोळांसकट. तरी एक भिंत राहिली, आणि तिच्यावरच आमचा पंखा तुटला. नवा मागवायला मुंबईला पत्र घालावं लागायचं, सगळा उन्हाळा वाया गेला. मी मामांवर लई चिडलो. आता लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, "आडवं काय येतंय ते इचारलं तुमी. ते आमचं घर हाय की."

त्यानंतर तिथं आलो की मी इंजिन बंद करायचो आणि वल्ही मारत पुढं जायचो. दरवेळी.

आज पुतण्या तिथून भरधाव गेला. पाणी भरपूर होतं, भिंत खोल होती. मोबाइलवर निळंच. त्याला सांगायचं राहून गेलं, की मीच राहू दिलं? हात मात्र आपोआप इंजिनाकडे गेला.

"घाबरू नका काका," पुतण्या म्हणाला, "खाली काही नाही."