फाटकाच्या गाण्याची चाल

निमोणे, ता. शिरूर
५ जानेवारी २०२५

चि. सौ. धुरपदास,
मल्हारीदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टरनं तुझ्या बोलण्यावर बंदी घातली, असं दाजींनी फोनवर सांगितलं. बरं झालं, एकदा तरी मला बोलायला मिळंल! टायपिंग आपल्याला जमत न्हाई, म्हणून कागद घेतला.

शिरूरला मच्छिंद्रच्या चहाच्या हॉटेलामागची आपली गाण्याची बैठक मी एकट्यानं केली. पण ओळ टाकणारी तू, मी मागून झील धरणारा. एकट्यानं झील कुणामागं धरायची? लोकांनी तोंडदेखल्या माना हलवल्या, दुसरं काय.

मिठाच्या गुळण्या कर. आन् केडगावच्या रेल्वे फाटकावर गाणं रचलंस म्हणं, त्याची चाल कवा ऐकवतीस?

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.
तुझा दादा

केडगाव, ता. दौंड
१४ जानेवारी

ति. दादास,
धुरपदाचा शि. सा. न. वि. वि.

गुळण्यांचं काम न्हाई, दादा. गळ्यातला तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र काढलं तर जीव वाचंल, पण आवाज कायमचा जाईल. ह्यांनी लगेच तारीख मागितली. मी न्हाई म्हणाले. आत्ता नुसती घरघर निघते, पण ती तरी माझी हाय. मुकी होऊन जगू कशाला?

बैठकीत शिरताना फोन दाराशी टोपलीत टाकायचे, हा नेम माझाच. गाणं समोरच्या माणसाला ऐकवायचं, डबीत भरायचं न्हाई, असा माझा तोरा! आता माझा आवाज जगात कुठंच न्हाई. मच्छिंद्रनं मागं लपवून रेकॉर्डिंग केलं व्हतं, तवा तू त्याला झापून पुसायला लावलंस. त्यानं ठेवलं असंल का रे? तेवढं मिळालं तर मी ऑपरेशनच्या टेबलावर चढते. न्हाईतर न्हाई. हट्टी म्हण मला.

फाटकाच्या गाण्याला चाल लागलीय. ती कागदावर कशी धाडू? तू ये, घरघरत का होईना, सांगीन.

माया हाय तशीच राहू दे.
तुझी धुरपदा

निमोणे
२० जानेवारी

चि. सौ. धुरपदास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तसाच शिरूर गाठलं. अगं, मच्छिंद्रकडं रेकॉर्डिंग हाय! लबाडानं पुसलंच नव्हतं. त्याचा तो जुना फोन दुरुस्तीला दिलाय, मिळाला की घेऊन येतो. तू शब्द दिलायस, आता मागं सरू नकोस. तारीख घे.

कांदा काढणीला आलाय, बाया मिळंनात. त्यामुळं आधी यायला जमायचं न्हाई. ऑपरेशन झालं की उशाशी बसून ऐकवतो. तू जग, बाई. तुझ्याशिवाय मला कोण हाय?

जिवाला जप.
दादा

केडगाव
१० मार्च

ति. दादास,
शि. सा. न.

जखम सुकली. गळ्याला भोक हाय, त्यातनं श्वास घेते. काल मच्छिंद्र भेटायला आला. पाय धरून रडला. म्हणाला, दादांनी झापलं त्याच दिवशी त्यांच्यादेखत पुसलं, जानेवारीत दादा विचारायला आले तवाही हेच सांगितलं, माफ करा. तू मला काय लिहिलंस हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मी मान हलवली, चहा पाजला.

तू का आला न्हाईस ते तवा कळलं. कांद्याचं निमित्त. माझ्या तोंडावर खोटं बोलणं तुला जन्मात जमलं न्हाई. आन् मी येडी ॲडमिट होईपतुर वाट बघत व्हते, दादा आला की चाल सांगीन म्हणून. शेवटी आदल्या रात्री ह्यांना ऐकवून बघितली, पण ह्यांना सूर म्हंजी काय ते कळत न्हाई.

खोटं बोलून तू मला जगवलंस. पाया पडू का भांडू, समजंना. राग जास्त हाय, लपवत न्हाई. तरी ये. आता आलास तरी चालंल.

शब्द खाली दिलेत.

फाटक पडलं, गाडी आली,
मी अल्याड, तू पल्याड.
गाडी गेली, फाटक उघडलं,
कुणीच येईना कुणाकडं.

चाल रोज मनात म्हणते, दादा. लय गोड लागलीय.

धुरपदा