हौद्यातला दगड

बाबा, तुमची पिकअप मी परत घेतली. पुसदच्या एका नर्सरीत रोपं वाहायला होती ती. निळ्या रंगावर कुणीतरी हिरवा फासला होता, पण डाव्या दाराची ती चेमटलेली कड दिसली आणि मी भर रस्त्यात उभी राहिले. शाळेतून निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते, घरात पाय टिकत नव्हता. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "म्हातारपणी कायले असे चाळे सुचून राह्यले तुले? गाडीच घ्याची तं एसीची घे ना." मी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन ती घेऊन आले. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला ठाऊक आहे, म्हणून ते लिहीत नाही.

तेव्हापासून माझे निम्मे दिवस लोहाऱ्याच्या एका मिस्त्रींकडे जातात. माझ्याच वयाचे आहेत, बोलायला फटकळ. "ताई, ही गाडी हाय का सासू हाय? एक दुखणं मिटवलं का दुसरं काढते." मी म्हटलं, सासूला निदान धक्का मारावा लागत नाही. त्यांनी गिअरबॉक्स उघडला, ब्रेक नवे केले आणि जन्मात पहिल्यांदा त्या गाडीला धरणारा हॅन्डब्रेक बसवला. मग हौद्यात डोकावून म्हणाले, "आता तं ही पहाडावरही हालत नाही. हा धोंडा कायले वागवून राह्यल्या?" मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी खांदे उडवले आणि चहा मागवला. तो चहाही मला बसून पिता आला नाही. गाडी उभी करून कुठेही आत जाऊन बसले की दर दोन मिनिटांनी मान बाहेर काढून बघते, जागची हलली तर नाही ना. भर सपाट अंगणात.

तुमच्या वेळी हॅन्डब्रेक नावालाच होता आणि गिअर मनात येईल तेव्हा निसटायचा. म्हणून तो दगड. बाजारवाल्यांची कापडाची गाठोडी, धान्याची पोती घेऊन आपण आठवड्याचे बाजार करायचो आणि मी मागे हौद्यात, पोत्यांवर, दगड मांडीशी घेऊन. चढावर गाडी थांबली की तुम्ही ब्रेकवर पाय दाबून ओरडायचे, "लाव वं दगड!" मी उडी मारायची, मागच्या चाकाला दगड लावायचा आणि ओरडायचं, "लावला, बाबा!" त्याशिवाय तुम्ही ब्रेकवरचा पाय उचलत नसायचे. एकोणीस वर्षांची झाले तरी माझं काम तेच. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, त्याला मात्र तुम्ही सपाट रस्ता आला की स्टिअरिंगवर बसवायला लागला होता. आई म्हणायची, हिच्या हाताला अंदाज आहे. तुम्ही हसायचे.

त्या दिवशी घाटंजीच्या बाजारातून निघताना मीच तुम्हाला विचारलं, आज थोडी मी चालवू का? तुम्ही चारचौघांत म्हणालात, "तू दगड सांभाळ बाप्पा. थेच लय झालं." बाजारवाले हसले. भाऊही हसला. मग पुढे त्याच्या हातात गाडी दिलीत, तो गिअर कुरकुर वाजवत राहिला आणि मी मागे बसून दात खात राहिले. चढ लागण्याआधी तुम्ही स्टिअरिंग घेतलं. चढाच्या मध्यावर, चहाच्या टपरीपाशी, इंजिन तापलं म्हणून गाडी थांबवलीत. "लाव वं दगड!"

घरात, गावात, नात्यात सगळ्यांना जे माहीत आहे ते असं, की दगड सटकला. गाडी मागे आली, तुम्ही ताडपत्रीची दोरी आवळायला मागे गेला होता, तुमचा डावा पाय चाक आणि बाभळीच्या बुंध्यामध्ये सापडला. पाय वाचला, पण क्लच दाबण्याइतका जोर त्यात पुन्हा आला नाही. गाडी विकली. तुम्ही बाजारात दुसऱ्याच्या काट्यावर वजनं करायला बसलात.

दगड सटकला नव्हता, बाबा. मी तो लावलाच नव्हता. उडी मारली, रिकाम्या हातांनी चाकाशी उभी राहिले आणि म्हणाले, "लावला, बाबा." गाडी गिअरमध्ये होती म्हणून थोडा वेळ थांबली. मला एवढंच वाटलं होतं की ती हातभर मागे सरकेल, तुम्ही घाबराल, आणि दगड सांभाळणं म्हणजे काय ते तुम्हाला एकदा कळेल. मग मी तो खेचून लावणारच होते. तुम्ही तिथे येऊन उभे राहाल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गिअर निसटल्याचा आवाज मी ऐकला.

टपरीवाल्याने मला फैलावर घेतलं तेव्हा खाली पडल्या पडल्या तुम्हीच म्हणालात, "पोरीले कायले बोलून राह्यला? दगड सटकला." आणि दवाखान्यात नेताना भावाला सांगितलंत, हौद्यातला दगड घरी घेऊन जा. हौद्यातला. रस्त्यावर सटकलेला दगड हौद्यात कसा असेल, हे भावाला कधी सुचलं नाही. मला त्याच क्षणी कळलं की तुम्हाला कळलंय. आता पुन्हा हौद्यात ठेवलाय तो हाच दगड, तुम्ही जाईपर्यंत आपल्या दाराला अडसर म्हणून होता. वाऱ्याने दार आपटायला लागलं की तुम्ही लंगडत उठायचे, स्वतः लावायचे. मला कधी सांगितलं नाहीत. मला राग यायचा तुमचा. एकदा तरी तुम्ही माझ्या थोबाडीत मारायची होती.

आज सकाळी त्या चढावर गेले. इतके महिने फेरा पडला तरी दुसऱ्या रस्त्याने जायचे. टपरी नाही आता, बाभूळ आहे. मुद्दाम मध्यावर थांबले. हॅन्डब्रेक ओढला, गाडी हलली नाही, मिस्त्रींचं काम चोख आहे.

हे पत्र घडी करून डॅशबोर्डच्या खणात टाकणार आहे, फडक्याखाली. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या चढावर मी खाली उतरले, हौद्यातून दगड काढला, मागच्या चाकाला नीट लावला आणि त्या रिकाम्या रस्त्यावर मोठ्याने म्हणाले, "लावला, बाबा."