शांत निजलीय

आये, तुझ्या पणतीची, माझ्या नातीची, उंची वाढत नाही. तिच्या मागून जन्मलेली पोरं आता तिच्या डोक्यावरून फळा बघतात. डॉक्टर म्हणाले, वाढीचं हार्मोन अंगात बनतंय की नाही ते तपासायला हवं. ती रीत ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. उपाशी पोटी पोरीला इन्सुलिन द्यायचं, रक्तातली साखर मुद्दाम खाली पाडायची, आणि घाबरलेलं शरीर ते हार्मोन सोडतं का ते थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून बघायचं. मी म्हटलं, हे पोराला विहिरीत ढकलून पोहता येतं का बघण्यासारखं झालं. डॉक्टर हसले. "काका, दोर आपल्या हातात असतो."

दोर कुणाच्या हातात असतो ते पनवेलच्या त्या हॉस्पिटलात कळलं. डॉक्टर खाली ओपीडीत, आणि वर एकटी एक सिस्टर, पंचविशीची. माझे कान अजून तसेच तिखट आहेत. ती पॅसेजमध्ये फोनवर कुणाला तरी सांगत होती, "मॅडम, एकटीने कधी केली नाय ही टेस्ट. तुमी असायच्या ना बाजूला." त्या 'तुमी'वरून कळलं, ही आपल्याच बाजूची, उरणकडची. भीती वाटली, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रक लावता लावता म्हातारा झालो. न येणारं काम येतं म्हणणारेच गाडी उलटवतात, हे पाहिलंय.

इन्सुलिन दिल्यापासून ती पोरीला गप्प बसू देत नव्हती. "माशांची नावं सांग. थांबायचं नाय, झोपायचं नाय." पोरगी सांगतेय, बोंबील, मांदेली, जिताडा. मध्येच वॉर्डातली मावशी दारात आली. "सिस्टर, खाली बाळाची शीर मिळत नाय, सर बोलवतायत." "हिला सोडून येता येणार नाय." "मग मी काय सांगू त्यांना?" "हेच सांग." मावशी कुरकुरत गेली. तेवढ्यात पोरीचे डोळे मिटायला लागले. सून तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "रात्रीपासून उपाशी आहे हो. झोपू द्या ना जरा. बघा कशी शांत झाली." मी बघितलं. एसीच्या गारव्यात पोरीच्या कपाळावर घाम होता.

आणि आये, मी पुन्हा लहान होऊन बेलपाड्याच्या घरात आहे. तू चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापतेस. धाकटी कोपऱ्यात गोधडीवर, कितीतरी दिवस तापाने फणफणलेली, पोटात अन्नाचा कण नाही. ती माझ्या पाठची, पण माझ्या कमरेलासुद्धा लागत नव्हती. तुझा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झालाय. "घाम आला. ताप उतरला," तू म्हणतेस. माझ्या हातून पितळी झाकण पडतं, आणि तू उलथनं उगारतेस. "गप रं. आता कुठं पोर शांत निजलीय." मी झाकण उचलून ठेवतो. पण ऐकू येतं. "आये, तिचा श्वास थांबून थांबून येतोय." "तुजं कान लय लांब हायत. भाकर खा." मी भाकर खाल्ली. भाकर संपेपर्यंत घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इथे सिस्टरने सुनेचा हात बाजूला केला, पोरीचे खांदे हलवले, गालावर चापट्या मारल्या. "चौथा मासा सांग. ए, चौथा मासा." पोरीचे डोळे उघडेनात. रक्त घ्यायची वेळही तीच होती. नळी तिच्या हातात होती. तिने ती खाली ठेवली आणि आधी साखरेचं औषध भरलं. सिरिंज ट्रेवर वाजली, पण सुई शिरेत बरोबर गेली. सून तोंडावर पदर धरून उभी होती. आम्ही सगळे त्या एवढ्याशा तोंडाकडे बघत राहिलो. मग कधीतरी ओठ हलले. "निवटी," पोरगी म्हणाली.

डॉक्टर वर आले. "आधी सॅम्पल का नाही घेतलं?" "सर, हात दोनच होते." ते माझ्याकडे वळले, टेस्ट कदाचित पुन्हा करावी लागेल म्हणाले. मी म्हटलं, "करू. पण हीच सिस्टर पाहिजे, आणि जोडीला दुसरी. विहिरीवर एकटं माणूस ठेवतात का, डॉक्टर?" या वेळी ते हसले नाहीत. सिस्टर मान खाली घालून कापूस गोळा करत होती. डॉक्टर तिला रागावले ते माझ्यामागे, खाली जिन्यात. तेही मला ऐकू आलं.

आये, तुला काय ठाऊक असणार होतं. मी कधी दोष दिला नाही, असं सगळ्यांना सांगत आलो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहितो. घरात कुणी म्हणालं ना, पोर शांत निजलीय, की मी उठून स्वयंपाकघरात जातो आणि झाकण पाडतो. पोर दचकून रडलं की परत येऊन बसतो. सून म्हणते, बाबांच्या हातात आता जोर राहिला नाही.

जोर आहे, आये.